करजणच्या वाचकाचा प्रश्न

गुजरातेतील करजणहून एका वाचकाचे पत्र आमच्या मेजावर आले आहे. मुंबईहून बडोद्याकडे जाताना भरूच मागे पडले, की मियागाम-करजण हे स्थानक लागते. गायकवाडी अमलात चाकरीच्या निमित्ताने जी मराठी कुटुंबे त्या मुलखात गेली आणि तिकडचीच झाली, त्यांपैकी एका घरातले हे गृहस्थ. आमचा अंक ते टपालाने मागवितात. त्यांनी विचारले आहे ते थोडक्यात असे : ज्या दिवशी तुमच्या पत्रात एका चित्रपटाची पानभर जाहिरात होती, त्याच दिवशी आतल्या पानावर त्याच चित्रपटाची मुक्तकंठाने स्तुती होती. ती तुमच्या समीक्षकाने चित्रपट पाहून केली, की जाहिरात पाहून? प्रश्न झोंबणारा आहे आणि म्हणूनच तो टोपलीत टाकता येत नाही. त्याचे उत्तर देण्यापूर्वी, वाचकांच्या अशाच प्रश्नांना उत्तरे देण्यात ज्याने आयुष्य वेचले, त्या बाबूराव पटेलांचे स्मरण करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

बाबूराव आपल्याच किनाऱ्याचे. करजणची गाडी ज्या पालघरवरून जाते, त्या पालघरजवळचे मासवण हे त्यांचे गाव. जन्म १९०४ सालचा. आडनाव मूळचे पाटील, त्याचे पुढे पटेल झाले. विद्यापीठाच्या पदवीचा टिळा कपाळी नव्हता. मूकपटांच्या काळातच ते सिनेमाविषयक नियतकालिकाच्या कामात शिरले, पुढे ‘महाराणी’सारखे काही बोलपटही त्यांनी दिग्दर्शित केले. पण चित्रपट काढणे हा त्यांचा पिंड नव्हे, चित्रपटाला जाब विचारणे हा त्यांचा पिंड होता. १९३५ साली मुंबईत ‘फिल्मइंडिया’ हे इंग्रजी मासिक निघाले आणि त्यांना आपले आसन सापडले.

सिनेमा पाहणे हे त्या काळी घरंदाज माणसाने उघडपणे सांगावे असे कृत्य मानले जात नसे. अशा काळात बाबूरावांनी चित्रपट हा वादाचा आणि म्हणूनच विचाराचा विषय केला. एस. एम. पंडितांसारख्या चित्रकाराची देखणी मुखपृष्ठे, ‘ज्युडास’ या टोपणनावाने लिहिलेला खमंग मजकूर आणि कोणाचीही भीड न बाळगणारी परीक्षणे यांमुळे मासिक गाजले. तथापि त्याचा खरा प्राण होता तो वाचकांच्या पत्रव्यवहाराच्या पानांत. दूरदूरच्या गावांतून प्रश्न येत : नटनट्यांविषयी, राजकारणाविषयी, विवाहाविषयी, देवाविषयीदेखील. बाबूराव त्यांना दोन-तीन ओळींत, मिरचीच्या ठेच्यासारखी उत्तरे देत. ज्या प्रेक्षकाचे काम आजवर तिकिटाचे पैसे मोजून मुकाट्याने बाहेर पडणे एवढेच होते, त्याला कोणीतरी प्रथमच विचारण्याचा हक्क बहाल केला होता. आमच्या मते बाबूरावांचे सर्वांत मोठे कार्य ते हेच.

या हक्काला राष्ट्रीय धारही होती. पारतंत्र्याच्या त्या दिवसांत परदेशी चित्रपटांतून हिंदी माणूस एक तर रानटी, नाही तर गोऱ्या साहेबाचा इमानी चाकर म्हणून रंगविला जाई. १९३९ च्या ‘गंगा दीन’ या हॉलिवूडच्या चित्रपटाविरुद्ध बाबूरावांनी आणि ख्वाजा अहमद अब्बासांसारख्या पत्रकारांनी रान उठविले. मुंबई आणि बंगाल या प्रांतांत त्यावर बंदी आली. पडद्यावर दिसते ती निव्वळ करमणूक नसते, त्यात आपली अब्रूही गुंतलेली असते, ही जाण वाचकांत रुजविण्याचे श्रेय ‘फिल्मइंडिया’ला देणे न्यायाचे होईल.

परंतु चरित्र सांगावयाचे तर ते सगळे सांगितले पाहिजे. आपल्या कोकणात शिमग्याच्या बोंबा मारण्याची मुभा आहे. पण ती ठराविक दिवसांची. बाबूरावांच्या लेखणीला बारमास शिमगा होता. अभिनयावर टीका करता करता ते नटीच्या रूपावर, शरीरावर आणि खाजगी आयुष्यावर घसरत. ज्याला छापखाना नाही त्याला छापखान्याच्या बळावर नागडे करणे यात शौर्य ते कसले? फाळणीनंतर तर मुसलमानांविषयीचा कडवटपणा त्यांच्या लेखनात वाढतच गेला. ज्या सआदत हसन मंटोंनी त्यांच्याजवळ राहून त्यांचा उमदेपणा पाहिला होता, त्यांनीच पुढे बाबूरावांचे शब्दचित्र रेखाटताना हा विसंवादही नोंदवून ठेवला.

याहून सूक्ष्म दोष दुसरा. गायिका सुशीलाराणी या त्यांच्या पत्नी. त्यांना नायिका करून बाबूरावांनी १९४४ साली ‘द्रौपदी’ आणि १९४६ साली ‘ग्वालन’ हे चित्रपट काढले, आणि ‘फिल्मइंडिया’च्या पानांतून त्यांचा डांगोरा पिटला. दोन्ही चित्रपट प्रेक्षकांनी नाकारले. जो इतरांना तराजूत घालीत होता, त्याने स्वतःचा माल तोलताना मात्र दांडीला बोट लावले. आणि ते बोट कोणाला दिसले, तर ज्याला त्यानेच डोळस केले होते त्या प्रेक्षकाला! नियतीचा हा न्याय कठोर खरा, पण अन्याय्य नव्हे.

पुढे १९६० च्या सुमारास मासिकाचे नाव ‘मदर इंडिया’ झाले आणि सिनेमा मागे पडून राजकारण पुढे आले. १९६७ साली जनसंघाच्या तिकिटावर ते मध्य प्रदेशातील शाजापूरमधून लोकसभेवर निवडून गेले. १९८२ साली त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी दूरदर्शन रंगीत झाले आणि पडदा घराघरांत शिरण्याचे पर्व सुरू झाले. आज तर तो तळहातावर आला आहे आणि समीक्षक म्हणविणाऱ्यांना गणती उरलेली नाही. पण वाचकाच्या प्रश्नाला स्वतःच्या नावाने उत्तर देणारे किती, आणि निर्मात्याच्या खर्चाने बोलणारे किती, हा हिशेब कोणी मांडीत नाही.

आता करजणच्या पत्राचे उत्तर. आम्ही चौकशी केली. तो मजकूर चित्रपट पाहून लिहिलेला नव्हता. निर्मात्याकडून आलेल्या पत्रकावरून तो बेतलेला होता. दोष समीक्षकाचा नव्हे, छापून देणाऱ्या आमचा आहे आणि तो आम्ही कबूल करतो. यापुढे या पत्रात परीक्षण येईल ते आमच्या खर्चाने काढलेल्या तिकिटावर चित्रपट पाहूनच येईल. निर्मात्याचा मजकूर छापलाच, तर तो जाहिरात म्हणूनच छापला जाईल. यामुळे एखादी जाहिरात हातची गेली, तर तो तोटा आम्ही सोसू.

बाबूरावांची जीभ आम्हांस नको. त्यांची टपालपेटी मात्र हवी. दर रविवारी चित्रपटाच्या पानावर वाचकांची पत्रे आणि त्यांना उत्तरे देण्याचा परिपाठ आम्ही सुरू करीत आहोत. पहिले पत्र करजणचेच असेल.