आबे फारिया : पणजीचा पुतळा आणि वर्गातली तंद्री



गोव्याला सहलीला गेलात तर पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी एक पुतळा दिसेल. झगा घातलेला पुरुष हात पुढे करून उभा आहे आणि त्याच्यासमोर एक स्त्री मागे कलंडते आहे. मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांचा हा पुतळा १९४५ सालचा. मुलं विचारतात, हा जादूगार आहे का? नाही. हे आबे फारिया, संमोहनाचे एक आद्य अभ्यासक.

फारियांचा जन्म १७५६ साली बार्देशातल्या कांदोळी गावात झाला. पुढे आईवडील वेगळे झाले. वडील पाद्री झाले, आई जोगीण झाली. १७७१ मध्ये वडील या मुलाला घेऊन जहाजाने लिस्बनला गेले. रोमला शिकून तोही पाद्री झाला.

त्यांची एक गोष्ट गोव्यात आजही सांगतात. पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचन द्यायला ते उभे राहिले आणि त्यांची बोबडीच वळली. तेव्हा वडील हळूच कोकणीत म्हणाले, की समोर सगळी भाजी आहे असं समज आणि काप. लगेच जीभ सुटली! आता बघा, शरीरात काहीच बिघाड नव्हता, तरी वाचा गेली होती. आणि ती एका पुरुषाची गेली होती.

पुढे ते फ्रान्सला गेले. १८१३ पासून पॅरिसमध्ये त्यांनी संमोहनाची जाहीर प्रात्यक्षिकं केली. तेव्हा लोक मानत, की प्रयोग करणाऱ्याच्या अंगातून एक अदृश्य शक्ती वाहते. फारियांनी ठासून सांगितलं, की माझ्यात कसलीही शक्ती नाही; ही झोप समोरच्याच्या मनातून येते. लोकांनी टिंगल केली, नाटकातूनही त्यांची थट्टा झाली. २० सप्टेंबर १८१९ रोजी मेंदूच्या झटक्याने त्यांचं निधन झालं. अलेक्झांडर ड्युमाच्या कादंबरीतला कैदी पाद्री फारिया त्यांच्यावरूनच घेतला आहे.

पण पुतळ्यातली ती स्त्री मनातून जात नाही. झटके येणं, हातपाय लुळे पडणं याला तेव्हा हिस्टेरिया म्हणत. हा शब्द ग्रीक भाषेतल्या गर्भाशयावरून आला, म्हणजे दुखणं बायकांचंच असं ठरूनच गेलेलं! १८८० च्या दशकात पॅरिसमधले मेंदूविकारतज्ज्ञ शार्को यांनी पुरुष रुग्णांमध्येही हीच लक्षणं दाखवली. आज या विकारात मेंदूचं काम बिघडतं, असं डॉक्टर सांगतात. तो स्त्रियांमध्ये जास्त दिसतो, पण पुरुषांनाही होतो. आणि ते सोंग नसतं.

फरक मात्र खरेच आहेत. वयात आल्यावर मायग्रेन स्त्रियांमध्ये दोन-तीन पट जास्त आढळतं. मल्टिपल स्क्लेरॉसिसचंही तसंच. पार्किन्सन उलट, पुरुषांमध्ये सुमारे दीडपट. यामागे संप्रेरकं आणि जनुकं यांचा वाटा आहे, पण सगळं कोडं अजून सुटलेलं नाही. फरक ओळखायचा तो उपचारासाठी, शिक्का मारण्यासाठी नव्हे.

हे मी का लिहितेय? मुलुंडला शिकवत असताना तिसरीतली एक मुलगी मध्येच थांबायची. लिहिता लिहिता पेन्सिल अडायची, नजर शून्यात. दहा सेकंदांनी पुन्हा लिहायला लागायची. मी दोनदा ओरडले, नाटक करू नकोस म्हणून. नंतर ईईजी काढल्यावर कळलं, अपस्माराचा एक प्रकार होता. यात मूल पडत नाही, फक्त काही क्षण हरवतं. हा प्रकार मुलींमध्ये थोडा जास्त आढळतो. औषध सुरू झालं आणि तंद्री थांबली. माझं ओरडणं मात्र मला अजून आठवतं.

म्हणून एवढंच करा. मूल असं हरवलं तर वेळ आणि किती सेकंद ते वहीत टिपा. पालकांना शांतपणे सांगा, डॉक्टरांकडे पाठवा. आणि घरातली आई, बहीण डोकं धरून बसली तर नखरे म्हणू नका. दोनशे वर्षांपूर्वी फारियांनी समोरच्या माणसाच्या आत काय चाललंय ते पाहायला सांगितलं होतं. आपण शिक्षक तर रोज चाळीस जणांसमोर उभे असतो.