संत जॉन डी ब्रिटो : तंजावर-मदुराईचे अरुळ आनंदर

रायगडावर शिवरायांचा राज्याभिषेक झाला त्याच सुमारास, लिस्बनहून गोव्याला आलेला एक तरुण पाद्री तमिळ देशातील मदुराई मिशनकडे निघाला होता. जॉन डी ब्रिटो हे त्याचे नाव. 1 मार्च 1647 रोजी एका उमराव घराण्यात त्याचा जन्म झाला. पोर्तुगालचा राजा दुसरा पेद्रो हा त्याचा बालपणीचा सोबती. लहानपणी जॉन जिवावरच्या दुखण्यातून वाचला, तेव्हा आईने संत फ्रान्सिस झेवियरला केलेला नवस फेडण्यासाठी त्याला वर्षभर येशूसंघाचा झगा घातला. पुढे त्याने तो स्वेच्छेने धारण केला.

तमिळ देशात मात्र तो झगा उतरला. ब्रिटो यांनी भगवी वस्त्रे घेतली, मांस व मद्य वर्ज्य केले आणि लोक त्यांना अरुळ आनंदर म्हणू लागले. मदुराई मिशनचे क्षेत्र तंजावर प्रांतापर्यंत पसरलेले होते आणि तेथे व्यंकोजीराजे भोसले यांची सत्ता नुकतीच स्थिरावत होती. युद्धे आणि सत्तांतरे यांनी गांजलेल्या त्या मुलखात ब्रिटो गावोगाव पायी हिंडले.

1686 मध्ये रामनाडच्या मारवा प्रदेशात त्यांना पकडून त्यांचा अनन्वित छळ करण्यात आला. पुन्हा येथे धर्मोपदेश केल्यास मृत्यू, अशी ताकीद देऊन त्यांना सोडण्यात आले. त्यानंतर मिशनच्या कामासाठी ते पोर्तुगालला गेले. पेद्रो राजाने त्यांना तेथेच ठेवून घेण्याचा पुष्कळ प्रयत्न केला. परंतु ब्रिटो 1690 मध्ये भारतात परतले आणि पुन्हा मारवा देशात गेले. ताकीद ते विसरले नव्हते.

तेथे तडिय तेवर नावाच्या राजवंशीय सरदाराने आजारातून उठल्यावर बाप्तिस्म्याची इच्छा व्यक्त केली. ब्रिटो यांनी अट घातली : एकच पत्नी ठेवावी लागेल. सरदाराने ती पाळली. दूर केलेल्या पत्नींपैकी एक रामनाडचा राजा रघुनाथ किळवन सेतुपती याची पुतणी होती. तिने राजाकडे दाद मागितली. या ठिकाणी सारा दोष राजाच्या माथी मारणे सोपे आहे. पण एका माणसाच्या श्रद्धेची किंमत त्या स्त्रीलाही मोजावी लागली होती, हे नजरेआड करता येत नाही. शिवाय तडिय तेवराचा गादीवरील हक्क राजाला खुपत होताच.

8 जानेवारी 1693 रोजी ब्रिटो यांना अटक झाली. ओरियूर येथील कोठडीत त्यांनी कोळसा पाण्यात कालवून शाई केली आणि आपल्या सहकाऱ्यांना अखेरचे पत्र लिहिले. 4 फेब्रुवारीस तेथेच त्यांचा शिरच्छेद झाला. रोमने त्यांना संतपद दिले ते 22 जून 1947 रोजी, भारत स्वतंत्र होण्याच्या उंबरठ्यावर. ओरियूरची तांबडी वाळू भाविक आजही श्रद्धेने घरी नेतात.

वधाची वार्ता लिस्बनला पोहोचली, तेव्हा पेद्रो राजाने ईश्वराचे आभार मानण्यासाठी सोहळा करविला. ब्रिटो यांच्या मातोश्री त्या सोहळ्याला शोकवस्त्रे न घालता सणाच्या पोशाखात आल्या.