बोलणारं डोकं आणि आमच्या छोटीचा टॅब

टेलिफोनचा शोध कोणी लावला, हा एका मार्काचा प्रश्न आपण शाळेपासून सोडवत आलोय. उत्तर पाठ आहे : अलेक्झांडर ग्रॅहम बेल. पण या माणसाची खरी ओळख मला झाली ती पाथरीला, आमच्या घराच्या ओसरीवर!

माझी चुलत बहीण, आमची छोटी, नऊ वर्षांची आहे. तिला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. समजतं सगळं, पण जीभ आणि ओठ तिचं ऐकत नाहीत. ती टॅबवरच्या चित्रांवर बोट ठेवते आणि तिच्या वतीनं टॅब बोलतो. दिवाळीच्या सुट्टीत गेलो तर काकूंची तक्रार तयार होती. दुरुस्तीवाला इनपुट, मेमरी, सॉफ्टवेअर असं काहीबाही बोलतो, कळत काहीच नाही. घरात इंजिनिअरिंगवाला मी एकटाच, त्यामुळे समजावण्याचं काम आपसूक माझ्याकडे आलं. तेवढ्यात छोटीनं दोन चित्रं दाबली : कोण आणि बनवणे. टॅब कोणी बनवला, असं तिला विचारायचं होतं.

एका माणसाचं हे काम नव्हे. पण माणसाचं बोलणं यंत्रातून काढायचं वेड ज्याला लहानपणीच लागलं, त्या बेलपासून सुरुवात केली.

बेलचा जन्म ३ मार्च १८४७ चा, स्कॉटलंडमधल्या एडिंबराचा. आजोबा आणि वडील दोघंही उच्चारशास्त्राचे शिक्षक. आईला फार कमी ऐकू यायचं. बाकीचे लोक तिच्या कर्ण्यात ओरडायचे, हा मात्र तिच्या कपाळाजवळ तोंड नेऊन खालच्या आवाजात बोलायचा आणि तिला ते कळायचं. छोटीला म्हटलं, बघ, बोलणं आत जायची वाट म्हणजे इनपुट. ती कानच असली पाहिजे असं नाही. तुझं इनपुट म्हणजे तुझं बोट. शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग तर २०१८ साली वारले तोपर्यंत कितीतरी वर्षं गालाच्या एका स्नायूनं कॉम्प्युटर चालवायचे.

१८६३ मध्ये वडिलांनी बेलला एक बोलणारं यंत्र दाखवलं आणि तसंच करून बघायला सांगितलं. मग तो आणि त्याचा भाऊ कामाला लागले. पत्र्याच्या नळीचा घसा, रबराचे ओठ, लाकडी पट्ट्यांवर रबर चढवून केलेली जीभ. एकानं फुंकायचं, दुसऱ्यानं ओठ हलवायचे. त्या डोक्यातून मामा असा आवाज निघाला आणि शेजाऱ्यांना वाटलं, कुणाचं तरी बाळ रडतंय! यातलं जे हाताला लागतं, ते हार्डवेअर. कधी फुंकायचं, ओठ कधी मिटायचे, हा जो क्रम डोक्यात ठरलेला असतो, ते सॉफ्टवेअर. आणि शेवटी जो आवाज निघाला, ते आउटपुट.

वडिलांनी एक लिपीही तयार केली होती. जीभ कुठं, ओठ कसे, हे तिच्या खुणांवरून कळायचं. बेलला खोलीबाहेर पाठवायचे, लोकांकडून चित्रविचित्र आवाज काढून घ्यायचे आणि ते खुणांत लिहायचे. बेल आत येऊन नुसता कागद बघून तोच आवाज काढायचा. याला म्हणायचं कोड. टॅबच्या पोटातही चित्र नसतंच, शून्य आणि एकच्या खुणा असतात.

क्षयानं दोन्ही भाऊ गेले. १८७० मध्ये उरलेलं कुटुंब कॅनडात आलं. पुढच्या वर्षी बेल बोस्टनमध्ये कर्णबधिर मुलांना शिकवू लागला. पाचव्या वर्षी तापात ऐकू येणं गमावलेली मेबल ही त्याची विद्यार्थिनी, पुढं ती त्याची बायको झाली. बोलण्याच्या लहरी मुलांना डोळ्यांनी दिसाव्यात म्हणून १८७४ मध्ये त्यानं मेलेल्या माणसाचा कान घेऊन प्रयोग केला. एवढासा पडदा हाडं हलवतो, मग वीज का नाही हलवणार? या विचारातून टेलिफोन जन्मला. ७ मार्च १८७६ ला पेटंट मिळालं आणि तीनच दिवसांनी पलीकडच्या खोलीतल्या वॉटसनला तारेतून हाक ऐकू गेली.

त्या तारेत आवाजाबरहुकूम वीज कमीजास्त व्हायची, ते अ‍ॅनालॉग. आवाजाची मापं आकड्यांत घेतली की डिजिटल, साध्या फोनसाठी सेकंदाला आठ हजार मापं. हे आकडे जपून ठेवायची जागा म्हणजे मेमरी. मेमरी फुल म्हणजे कोठी भरली, टॅब बिघडला असं नव्हे!

पैसा आणि मान मिळूनही बेल कर्णबधिरांना विसरला नाही. लहानग्या हेलन केलरच्या वडिलांना शिक्षणाची वाट त्यानंच दाखवली. फ्रान्सचं व्होल्टा पारितोषिक मिळालं, त्यातून उभा राहिलेला पैसाही या कामी लावला. पण इथंच त्याची मोठी चूक आहे. कर्णबधिरांनी तोंडानंच बोललं पाहिजे, असा त्याचा हट्ट होता. स्वतःला खुणांची भाषा येत असूनही शाळांत ती नको, असं तो सांगत राहिला. १८८० मध्ये मिलानच्या परिषदेनंही तसाच ठराव केला आणि कित्येक पिढ्यांचे हात बांधले गेले. त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त व्हायला २०१० साल उजाडलं.

हे सांगताना मी अडखळलो. कारण गेल्या मे महिन्यात मीही तेच केलं होतं. छोटीला तोंडानं बोलायची सवय लागावी म्हणून टॅब कपाटावर ठेवला आणि पन्ह्याचा पेला समोर धरून बसलो. माग म्हटलं. तिनं खूप प्रयत्न केला, मग भिंतीकडे तोंड केलं. दिवसभर आमच्या घरात एक माणूस मुकं होतं, आणि ते मी केलं होतं. प्रेमानं केलं होतं, बेलसारखंच.

बेल २ ऑगस्ट १९२२ ला गेला. अंत्यविधीच्या वेळी उत्तर अमेरिकेतले टेलिफोन एक मिनिट बंद ठेवले होते. गोष्ट संपली तेव्हा मी छोटीची माफी मागितली. तिनं टॅब माझ्यापुढं सरकवला. मग आम्ही मेमरीतली जागा मोकळी केली आणि एक नवं बटण केलं. टॅबचा आवाज पुस्तकी मराठी बोलतो, म्हणून शेजारच्या मुलीच्या आवाजात लई भारी असं रेकॉर्ड करून सेव्ह केलं.

दोस्तांनो, प्रोजेक्टचे विषय शोधतोय ना आपण? बोलणारी यंत्रं जरूर करू. आयआयटी मुंबईनं जेलो नावाचं अ‍ॅप केलंच आहे. फक्त इनपुट कुठून द्यायचं, ते ज्याला बोलायचंय त्यालाच ठरवू द्या. निघताना मी बॅग उचलली तर मागून आवाज आला, दादा, गोष्ट, अजून. आणि पाठोपाठ, लई भारी!