कै. बॅरिस्टर नाथ पै : अल्पमतातील थोर संसदपटू

बहुमताने राज्य चालते हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु ज्यांच्या पाठीशी बहुमत नाही, अशा प्रतिनिधींचे मोल आपण क्वचितच ओळखतो. ते मोल ज्यांच्या चरित्रात स्पष्ट दिसते, त्या कै. बॅरिस्टर नाथ पै यांचे स्मरण या अंकात करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

नाथ पै यांचा जन्म २५ सप्टेंबर १९२२ रोजी वेंगुर्ले येथे झाला. १९४२ च्या लढ्यात त्यांनी तुरुंगवास सोसला आणि पुढे विलायतेस जाऊन ते बॅरिस्टर झाले. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या भरात राजापूर मतदारसंघाने त्यांना लोकसभेवर पाठविले. १९६२ व १९६७ सालीही कोकणच्या जनतेने हाच कौल दिला.

ते ज्या सभागृहात गेले, तेथे ४९४ पैकी ३७१ जागा काँग्रेसच्या होत्या. त्यांच्या प्रजासमाजवादी पक्षाचे अवघे १९ सभासद होते; १९६२ साली ते १२ वर आले. एकदशांश सभासदही कोणा विरोधी पक्षापाशी नसल्याने अधिकृत विरोधी पक्षनेता असा कोणी नव्हता. मतदानात पराभव ठरलेलाच असे. तरीही अभ्यास, संयम आणि ओजस्वी वाणी यांच्या बळावर नाथ पै यांनी विरोधकांचाही आदर संपादन केला. कोकणासाठी रेल्वेचा आग्रह त्यांनी सतत धरला; तो मार्ग संपूर्णपणे खुला होण्यास १९९८ साल उजाडले.

त्यांची खरी कसोटी लागली ती १९६७ साली. संसदेस मूलभूत हक्कांचा संकोच करणारी घटनादुरुस्ती करता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्यात दिला. तेव्हा संसदेचा अधिकार पुनःस्थापित करणारे खाजगी विधेयक नाथ पै यांनी मांडले. हा अधिकार प्रत्यक्षात बहुमतवाल्यांच्याच हाती जाईल, ही शंका निराधार नव्हती. परंतु आज आपण अल्पमतात आहोत म्हणून लोकनियुक्त संसद दुर्बळ व्हावी, हे त्यांस मान्य नव्हते. स्वपक्षाच्या सोयीहून त्यांनी तत्त्व मोठे मानले.

डिसेंबर १९७० मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि ते विधेयक अपुरेच राहिले. १८ जानेवारी १९७१ रोजी बेळगाव येथे नाथ पै यांचे निधन झाले. वयाची पन्नाशीही त्यांनी गाठली नव्हती. त्याच वर्षी चोविसाव्या घटनादुरुस्तीने त्यांचा मूळ विचार सरकारनेच स्वीकारला. १९७३ साली न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरविली. मात्र घटनेची मूलभूत चौकट संसदेस मोडता येणार नाही, अशी मर्यादाही घातली. म्हणजे नाथ पै यांचा आग्रह आणि टीकाकारांची शंका, या दोहोंचीही बूज राखली गेली.

लहान पक्षास दिलेले मत वाया जाते, असे म्हणणाऱ्यांनी हे चरित्र अवश्य पाहावे. आपल्या ज्ञातिसंस्थेच्या सभेतही एखादा सभासद एकटाच विरुद्ध मत मांडतो. त्याचे बोलणे शांतपणे ऐकून घेण्याची सवय आपण लावून घेतली, तर या थोर पुरुषास ती खरी आदरांजली ठरेल, असे आम्हांस वाटते.