ज्योतिर्विद् व्यंकटेश बापूजी केतकर

चैत्री पौर्णिमेच्या सायंकाळीं कळंबच्या बाहेर, मांजरेच्या अंगास जाऊन पूर्वेकडे पाहिलें असतां उगवत्या चंद्राच्या जवळपास एक शुभ्र तेजस्वी तारा दृष्टीस पडतो. हीच चित्रा. चैत्र महिन्यास हें नांव तिच्यावरूनच मिळालें. आपल्या घरच्या पंचांगांतील राशि, नक्षत्रें व संक्रांति यांचें गणित आज ह्या एका तार्‍याच्या आधारानें होतें, आणि तो आधार मिळवून देण्यासाठीं ज्यांनीं आयुष्य वेंचलें त्या केतकरांचें नांव ज्योतिषाच्या जाणकारांत सर्वश्रुत असलें, तरी विद्यार्थिवर्गास त्याची फारशी ओळख नाहीं. म्हणून हा अल्प परिचय.

व्यंकटेश बापूजींचा जन्म इ. स. १८५४ सालीं हल्लींच्या गदग जिल्ह्यांतील नरगुंद येथें झाला. ज्योतिषाची विद्या घरांतच होती. इंग्रजी शिक्षण बेळगांवीं झालें. १८७४ सालीं प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण होतांच त्यांनीं शिक्षणखात्यांत नोकरी धरिली, व १९११ पर्यंत शिक्षकाचाच पेशा केला. बागलकोटच्या इंग्रजी शाळेचे ते मुख्याध्यापकही होते. त्यांच्यापाशीं वेधशाळा नव्हती. दिवसा मुलांस शिकवावें आणि उरल्या वेळांत आंकडेमोड करावी, असा त्यांचा क्रम. आपल्याच शाळेंतील एखाद्या गुरुजींनीं रात्रीं कंदिलाच्या उजेडांत जगाच्या विद्वानांनीं दखल घ्यावी असें गणित मांडावें, त्यांतला हा प्रकार होय.

त्यांनीं हें गणित कां आरंभिलें, हें नीट समजून घेतलें पाहिजे. महाराष्ट्रांतील बहुतेक पंचांगें त्या वेळीं गणेश दैवज्ञांच्या ‘ग्रहलाघव’ ग्रंथावरून होत असत. हा ग्रंथ १५२० च्या सुमाराचा, व आपल्या काळीं अत्यंत उपयुक्त. परंतु प्राचीन ग्रंथांतील वर्षमान खर्‍या नाक्षत्र वर्षाहून सुमारें साडेतीन मिनिटांनीं मोठें आहे. साडेतीन मिनिटें म्हणजे कांहींच नव्हे, असें वाटेल. पण हजार वर्षांत त्यांचे दोन दिवसांहून अधिक होतात! ग्रहांच्या गतींतही अशाच बारीक चुका होत्या, आणि त्या सांचत सांचत पंचांगांतील ग्रह व आकाशांतील ग्रह यांची फारकत झाली. ग्रहणाची वेळ पंचांगांत एक आणि प्रत्यक्षांत दुसरी, असें होऊं लागलें. जें डोळ्यांस दिसतें त्याच्याशीं गणित जुळलें पाहिजे, यास आपले जुने ज्योतिषी दृक्प्रत्यय म्हणत. केतकरांच्या सर्व उद्योगाचें सूत्र या एका शब्दांत आहे.

युरोपांतील नव्या गणिताचा अभ्यास करून त्यांनीं ‘ज्योतिर्गणित’ हा मोठा ग्रंथ रचिला, व पुढें ‘केतकी ग्रहगणित’. हे ग्रंथ संस्कृतांत आहेत. इंग्रजी जाणणार्‍या गृहस्थानें असें कां करावें? तर पंचांग करणारा जोशी संस्कृत श्लोक मुखोद्गत करून त्यांवरून गणित करी. त्याच्या हातीं फ्रेंच कोष्टकें देऊन काय उपयोग? नवें ज्ञान जुन्या माणसाच्या हातांत त्याच्या संवयीच्या रूपानें द्यावें, हा विवेक मला त्यांच्या गणिताइतकाच मोलाचा वाटतो. सामान्य वाचकांसाठीं त्यांनीं मराठींत ‘नक्षत्रविज्ञान’ लिहिलें, आणि भारतीय व परदेशीय कालगणनेवर इंग्रजी ग्रंथही लिहिला.

राशिचक्राचा आरंभ कोठें धरावा, याविषयीं त्या काळीं मोठा वाद होता. लोकमान्य टिळक व त्यांचे अनुयायी रेवतींतील एक तारा प्रमाण मानीत. तो तारा इतका मंद आहे कीं, चांदण्या रात्रीं शोधूं गेल्यास सांपडणें कठीण. केतकरांनीं चित्रेचा पक्ष घेतला: चित्रेच्या बरोबर समोरचा बिंदु तो आरंभ. दोन्ही पक्षांत सुमारें चार अंशांचें अंतर पडतें; म्हणूनच टिळक पंचांगांत मकरसंक्रांत जानेवारीच्या दहा तारखेस येते व इतरांची चार दिवसांनीं. टिळकांसारख्या पुरुषाच्या विरुद्ध मत मांडणें त्या काळीं सोपें नव्हतें. पुढें डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांगसुधारणा समितीनें १९५५ सालीं चित्रेचाच आधार स्वीकारला. तो दिवस पाहण्यास केतकर हयात नव्हते.

आतां त्यांच्या आयुष्यांतील सर्वांत विलक्षण प्रकरण. १९११ सालीं, म्हणजे नोकरींतून निवृत्त झाले त्याच वर्षीं, फ्रान्सच्या ज्योतिषमंडळाच्या पत्रिकेंत त्यांचा एक लेख प्रसिद्ध झाला. गुरूचे तीन चंद्र एका ठराविक प्रमाणांत फिरतात: गॅनिमीडची एक फेरी होते तों युरोपाच्या दोन व आयोच्या चार होतात. लाप्लास या फ्रेंच गणित्यानें या संबंधाचा अभ्यास केला होता. असाच संबंध युरेनस, नेपच्यून व त्यांपलीकडील ग्रहांत असावा, असें केतकरांनीं गृहीत धरिलें व दोन अज्ञात ग्रह वर्तविले. एकास ब्रह्मा व दुसर्‍यास विष्णु हीं नांवें त्यांनीं दिलीं. ब्रह्मा सूर्यापासून पृथ्वीच्या ३८.९५ पट अंतरावर असून त्याची प्रदक्षिणा २४२.२८ वर्षांची, असें त्यांचें गणित होतें.

पुढें १९३० च्या फेब्रुवारींत अमेरिकेंतील लॉवेल वेधशाळेंत क्लाइड टॉम्बा या चोवीस वर्षांच्या तरुणास प्लूटो सांपडला. त्याचें अंतर सुमारें ३९.५ पट, प्रदक्षिणा २४८ वर्षांची. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें विजापूर येथें केतकर निवर्तले.

येथें थांबून प्लूटोच्या शोधाचें श्रेय केतकरांस देऊन टाकणें फार सोपें आहे, व अनेकांनीं तसें केलेंही आहे. परंतु ज्यांनीं दृक्प्रत्ययाचा आग्रह धरिला, त्यांच्या भाकितासही तीच कसोटी लाविली पाहिजे. त्यांनीं अंतर व काल सांगितला. ग्रह आकाशांत कोणत्या ठिकाणीं शोधावा, हें सांगितलें नाहीं. शिवाय प्लूटो आपल्या चंद्राहूनही लहान आहे, असें पुढें कळलें. २००६ सालीं तर त्याची गणना खुजा ग्रह म्हणून होऊं लागली. तरीही त्यांची मूळ कल्पना अगदींच निराधार नव्हती. नेपच्यूनच्या तीन प्रदक्षिणांत प्लूटोच्या दोन होतात, हा मेळ खरा आहे. तो केतकरांनीं धरिलेल्या प्रमाणांतला नव्हे, इतकेंच. माझ्या मतें आंकडा जुळला यांत दैवाचाही वांटा असावा. पर्सिव्हल लॉवेल यांचें ज्या गणिताच्या भरंवशावर हा शोध चालला होता, त्याचा पायाही पुढें चुकीचाच ठरला, हें येथें सांगितलें पाहिजे.

त्या सीमेपलीकडचें कोडें मात्र सुटलेलें नाहीं. १९९२ पासून तेथें सहस्रावधि बर्फाळ गोल सांपडले. २०१५ सालीं ‘न्यू होरायझन्स’ हें यान साडेनऊ वर्षांच्या प्रवासानंतर प्लूटोजवळून गेलें, तेव्हां मृतवत् खडकाऐवजीं नायट्रोजनच्या बर्फाचें एक विस्तीर्ण, विवररहित मैदान दिसलें. इतक्या थंडींत तो पृष्ठभाग नवा कसा राहतो, याची चर्चा चालूच आहे. २०१६ सालीं बॅटिगिन व ब्राउन या दोघा शास्त्रज्ञांनीं दूरच्या गोलांच्या कक्षा एकाच बाजूस झुकलेल्या पाहून, पृथ्वीहून कित्येक पट जड असा एक ग्रह फार दूर असावा, असा तर्क केला. हा झुकाव केवळ निरीक्षणाच्या मर्यादेमुळें भासतो, असें म्हणणारेही आहेत. चिलींतील रुबिन वेधशाळेचीं पहिलीं छायाचित्रें २०२५ सालीं प्रसिद्ध झालीं. अशा दूरच्या गोलांचा शोध हेंही तिचें एक काम आहे. केतकरांचा विष्णु मात्र अद्याप कोणास दिसलेला नाहीं.