सर विल्यम रोवन हॅमिल्टन

बोरी अरबहून यवतमाळास निघालेल्या वाटसरूस अंतर कळून भागत नाही. दिशाही कळावी लागते. अंतर व दिशा या दोहोंनी युक्त अशा राशीस गणितात सदिश म्हणतात. सपाट भूमीवर तिला दोन आकडे पुरतात. उंचीही मोजावयाची झाल्यास तिसरा लागतो. या राशीस इंग्रजीत ‘व्हेक्टर’ हे नाव ज्यांनी दिले, त्या थोर गणितज्ञाचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

हॅमिल्टन यांचा जन्म १८०५ साली आयर्लंडातील डब्लिन शहरी झाला. बालपणीच त्यांस ट्रिम गावी चुलत्यांकडे शिक्षणासाठी ठेवण्यात आले. तेथे त्यांनी संस्कृत, फारसी, अरबी अशा कितीतरी भाषांचा अभ्यास केला. मुलाच्या भाषांची यादी देताना वडिलांनी एका पत्रात मराठीचेही नाव घातले आहे, हे पाहून आम्हांस कौतुक वाटते. पंधरावे वर्ष पुरे होण्यापूर्वीच मातापितरांचे छत्र हरपले. तथापि विद्याव्यासंग खंडित झाला नाही. १८२७ साली, पदवी मिळण्यापूर्वीच, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात ज्योतिषशास्त्राचे प्राध्यापकपद त्यांस लाभले.

दोन आकड्यांच्या जोड्यांचा गुणाकार त्यांनी नियमबद्ध केला होता. त्या गुणाकाराने सपाटीवरील फिरणे मोजता येई. तीन आकड्यांचे तसेच गणित मात्र काही केल्या जमेना. बेरीज होई, वजाबाकी होई, गुणाकार अडे. सकाळी न्याहारीस येताच मुले त्याविषयी विचारीत आणि पित्यास नकारार्थी मान हलवावी लागे.

१६ ऑक्टोबर १८४३ रोजी पत्नीसह कालव्याकाठाने जात असता त्यांस एकाएकी मार्ग दिसला. तीन नव्हे, चार आकडे हवेत. आणि गुणाकारात क्रम बदलला तरी फळ तेच, हा नियम सोडावा लागेल. त्यांनी तेथल्या पुलाच्या दगडावर ते सूत्र चाकूने कोरले. नियम सोडण्याचे कारण वाचकांनी स्वतःच पाहावे. पुस्तक समोर धरून आधी पुढे कलंडवा, मग उजवीकडे वळवा. नंतर तेच उलट क्रमाने करा. पुस्तक निराळेच उभे राहील.

उरलेले आयुष्य त्यांनी या चतुष्कांच्या गणितास वाहिले. १८६५ साली ते निवर्तले. पुढे गिब्ज व हेवीसाइड यांनी चतुष्क बाजूस सारून त्यातील सदिशाचा भाग तेवढा घेतला, आणि शाळा-कॉलेजांतून तोच रूढ झाला. चतुष्क मागे पडले. परंतु १८४३ मधील त्या दिवसानंतर सुमारे दीड शतकाने, १९८५ साली, केन शूमेक यांनी संगणकावरील हलती चित्रे फिरविण्यास त्याचाच उपयोग दाखविला. आज संगणकासाठी सदिशगणिताच्या तयार आज्ञांचे छोटे संग्रह असतात. त्यांस लायब्ररी म्हणतात. त्यांत दोन व तीन आकड्यांच्या राशींशेजारी ही चार आकड्यांची राशीही पुष्कळदा आढळते.

बेरजेवरच संतुष्ट न राहता अडलेला गुणाकार वर्षानुवर्षे उराशी बाळगणे, आणि प्रसंगी जुना नियम सोडण्याचे धैर्य दाखविणे, हे या चरित्राचे सार आम्हांस वाटते.