पत्त्यांत गेलेले घर

रशियातील यास्नाया पोल्याना येथे झाडांच्या गर्दीत एक दगड आहे. लिओ टॉलस्टॉय यांचा जन्म झाला ते घर इथे होते, याची ती खूण. ते घर आगीत गेले नाही की लढाईत पडले नाही. १८५४ साली खुद्द मालकानेच ते विकले. घेणाऱ्याने ते उतरवून नेले आणि आलेला पैसा पत्त्यांपायी गेला. मालकाचे वय तेव्हा अवघे पंचवीस-सव्वीस.

टॉलस्टॉय १८२८ चे. दोन वर्षे पुरी व्हायच्या आतच आई गेली. तिचे चित्रही घरात नव्हते. होती ती कागदावरची काळी छायाकृती. १८३७ मध्ये वडील कामासाठी तुला शहरी गेले आणि तिथेच अचानक वारले. आठ वर्षांच्या मुलाने त्यांचे अंत्यदर्शन घेतले नव्हते. मॉस्कोच्या रस्त्यांवर अनोळखी चेहऱ्यांत तो कितीतरी दिवस वडिलांना शोधत राहिला. पुढच्या वर्षी आजी गेली, १८४१ मध्ये सांभाळ करणारी आत्याही गेली. मग पाचही भावंडांची रवानगी दूर कझानला, दुसऱ्या आत्याकडे झाली. ज्यांनी आईची माया दिली, त्या नात्यातल्या तात्याना आत्या मात्र मागेच राहिल्या.

पुढचे व्हायचे तसेच झाले. १८४७ मध्ये पदवी न घेताच विद्यापीठ सुटले. एकोणिसाव्या वर्षाच्या आत जमीनजुमला हाती आला. जाब विचारणारे कोणी नव्हते. जुगार, दारू, कर्ज यांत दिवस जाऊ लागले. रोजनिशीत नियम लिहायचे आणि दुसऱ्याच दिवशी मोडायचे! एका वर्षाने मोठा भाऊ द्मित्री आधी कडक धर्मनिष्ठ होता. पुढे तोही व्यसनांत बुडाला आणि १८५६ मध्ये क्षयाने गेला.

मग लिओ कसा वाचला? १८५१ मध्ये थोरला भाऊ निकोलाय त्याला आपल्याबरोबर कॉकेशसला घेऊन गेला. जुगार तिथेही सुटला नाही. पण तात्याना आत्यांशी पत्रव्यवहार चालू होता. पोराने कादंबऱ्या लिहाव्यात, असे त्यांना वाटे. १८५२ मध्ये 'बालपण' प्रसिद्ध झाले. त्यातल्या मुलाला आई आठवते, तिचा आवाज आठवतो. जे स्वतःला मिळाले नाही, ते टॉलस्टॉयनी त्या मुलाला दिले.

आईबाप हरपलेल्या मुलांत असा बेफामपणा अधिक दिसतो, असे अभ्यासक आज सांगतात. मात्र तो अटळ नसतो. आपल्याही नात्यागोत्यात असे एखादे पोर असते. वाया गेले म्हणून आपण त्याच्यावर फुली मारतो. त्याला उपदेश करणारे पुष्कळ भेटतात. चुकल्यावरही ज्याला पत्र लिहावेसे वाटेल, असे एक माणूस मात्र त्याला लागते. त्या घराची जागा पुढे झाडांनी भरली. तात्याना आत्या मात्र १८७४ मध्ये मृत्यू येईपर्यंत टॉलस्टॉय यांच्याच घरी होत्या.